तीनांच्या ठेक्यातली तिकिटं

आईचं नाव मी दिलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी शोधत बसायला नको.

झालं असं की मी तिला घराची किल्ली द्यायला पोस्टात गेले होते. आई मागच्या खोलीत काम करते, जिथे टपालाच्या गोण्या येतात आणि जातात. खोलीच्या दारावर एक कागद लागला होता. जुन्या सिनेमांच्या सहा संगीतकारांची तिकिटं निघणार होती. ज्या शनिवारी ती निघणार, त्या एका दिवसासाठी पुढच्या हॉलमध्ये खास खिडकी उघडणार आणि तिथे संग्राहकांच्या पाकिटांवर खास शिक्का मारायला एक माणूस हवा होता. इच्छुकांनी नाव लिहावं. खाली पाच रेघा, पाचही कोऱ्या. शेजारी दोरीला बांधलेलं पेन लोंबत होतं. आता दोरीला पेन बांधून ठेवल्यावर माणसाने करायचं तरी काय?

दोन महिन्यांपूर्वी मी हे केलं नसतं. तेव्हा मी शाळेच्या बँडमध्ये शेवटच्या रांगेत झांजा धरून उभी असायचे, आणि माझी झांज वाजली काय, न वाजली काय, कोणाला पत्ता नसायचा. मग पुढची ड्रमवाली मुलगी दुसऱ्या शाळेत गेली आणि सरांनी साइड ड्रम माझ्या गळ्यात अडकवला. पहिले चार दिवस ठेका चुकतच राहिला. पाचव्या दिवशी अख्खी शाळा माझ्या ठेक्यावर मैदानात चालत आली. तेव्हापासून माझं असं ठाम मत झालंय की मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला एकदा तरी पुढे ढकललं पाहिजे. बाबा मला तेव्हापासून टिमकी म्हणतात. म्हणोत.

आईला कळलं तेव्हा ती आधी रागावली, मग आरशासमोर उभी राहून म्हणाली की पुढच्या हॉलमध्ये साडी नेसून जावं लागेल का. यावरून मी ओळखलं की तिला जायचंय.

आणि का नाही जायचं? एकोणीस वर्षं ती त्या मागच्या खोलीत शिक्के मारतेय. उजव्या हातात लाकडी मुठीचा शिक्का, डावा हात पत्रांच्या गठ्ठ्यावर. पॅडवर टक्, तिकिटावर धप्प. टक्-धप्प-टक्-धप्प, मिनिटाला साठ पत्रं, आणि एकही तिकीट कोरं सुटत नाही, कारण सुटलं तर कोणीतरी ते सोलून पुन्हा वापरणार. पावणेसहाला टपालाची लाल गाडी निघते. ती गाडी माझे बाबाच चालवतात आणि ते बायकोसाठीसुद्धा एक मिनिट थांबत नाहीत. एवढं सगळं करूनही, आई एकदा म्हणाली होती, तिचं काम करताना तिला कोणी पाहिलेलंच नाही, गोण्यांशिवाय.

पोस्टमास्तर मॅडमनी तिला बोलावून साफ सांगितलं होतं. शनिवार नीट पार पडला तर यापुढे प्रत्येक नव्या तिकिटाची खिडकी तिचीच. नाही पडला तर रजिस्टरच्या टेबलावरचा कारकून आहेच, तो खिडकी घेईल, आणि आईने पुन्हा मागे जावं, कोणी काही बोलणार नाही.

या शेवटच्या वाक्याचीच तिला भीती वाटत होती.

बरं, संगीतकार म्हणाल तर ते आमचे नातेवाईकच. आईच्या खोलीत खिडकीत एक रेडिओ आहे, दिवसभर जुनी गाणी लावणारा, आणि त्या गाण्यांवरच खोलीचे हात चालतात. त्यामुळे आमच्या घरात ते सहाही जण नावाने ओळखलेच जात नाहीत. कुरळेमामा, गळाबंद कोटवाले आजोबा, जोडीने काम करणारे थोरले-धाकटे, त्या काळात पेटी घेऊन पुरुषांच्या गर्दीत शिरलेल्या मोठ्या मावशी, आणि कपाळावर चष्मा चढवून ठेवणारे चष्मेकाका. चष्मेकाका आईचे सर्वांत लाडके. मात्र त्यांची गाणी तिला कामावर कधी ऐकायला मिळाली नाहीत. त्याचं कारण गोणीमावशी.

गोणीमावशी म्हणजे त्या खोलीतल्या सर्वांत जुन्या बाई. गोणी फोडणं, गोणी बांधणं आणि रेडिओ या तीन खात्यांच्या त्या मंत्री. चष्मेकाकांची गाणी असतात तीनांच्या ठेक्यातली, झोक्यासारखी, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ती लागली की खोलीचे हात रेंगाळतात आणि गाडी चुकायची वेळ येते. म्हणून त्यांचा नियमच होता की तीनांचं गाणं लागलं की रेडिओ बंद. चारांचं लागलं की चालू. चष्मेकाका एकोणीस वर्षं त्या खोलीत पहिल्या दोन ओळींच्या पुढे गेलेच नाहीत.

शनिवारी सकाळी दहाला खिडकी उघडली. मला सुट्टी होती, संध्याकाळी बँडचा सराव होता, म्हणून ड्रमच्या काड्या पिशवीत घालून मी हॉलमधल्या बाकावर जाऊन बसले. आईच्या टेबलावर हिरवं कापड होतं, आणि नवा कोरा शिक्का, त्यावर मधोमध गाण्याच्या तबकडीचं चित्र, भोवती तारीख. एकाच दिवसाचा शिक्का. चार वाजले की मॅडम तो कपाटात बंद करणार, त्यानंतर तो कोणाच्याच कामाचा नाही. रांगेत सर्वांत पुढे संग्राहक मंडळाचे अध्यक्ष उभे होते, निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांनी तिकिटं चिमट्याने उचलली, पाकीट चिमट्याने सरकवलं, आणि मला खात्री आहे की हात मिळवायचा झाला असता तर तोही त्यांनी चिमट्यानेच मिळवला असता. त्यांचं नाव मी जागच्या जागी चिमटेकाका ठेवलं. त्यांच्या मंडळाची सहाशे पाकिटं होती, प्रत्येकावर एक तिकीट चिकटवलेलं, सहा खोक्यांत उभी रचलेली.

आईने पहिला गठ्ठा पुढे ओढला, मान ताठ केली, आणि सुरू झाली. टक्-धप्प-टक्-धप्प. काय दिसत होती ती. रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, हात बघ गं हिचा. मी बाकावर अभिमानाने फुगून बसले.

अकरा पाकिटं झाल्यावर चिमटेकाकांनी हात वर केला.

अकराच्या अकरा तिकिटांवर शिक्का मधोमध बसला होता. काळाकुट्ट, नीट, गोल, एकोणीस वर्षांच्या सरावाने. कुरळेमामांनी तबकडी गिळली होती. मोठ्या मावशींचं तोंडच नव्हतं. थोरले-धाकटे एकमेकांना दिसेनासे झाले होते. चिमटेकाकांनी एक एक पाकीट उचलून उजेडाकडे धरलं आणि समजावून सांगितलं, अगदी दाढ काढण्याआधी सांगतात तसं, की संग्रहाच्या पाकिटावर शिक्का तिकिटाच्या फक्त कोपऱ्याला लागायला हवा. पाव भाग तिकिटावर, बाकीचा कागदावर. चेहरा मोकळा. हे सूचनेत छापलं होतं आणि आईने ते पाच वेळा वाचलंही होतं. डोक्याला ठाऊक होतं, हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, मागे पत्रांना मारता ते ठीक आहे," चिमटेकाका म्हणाले. "इथे माणसं आहेत."

हे वाक्य आईच्या कानशिलापर्यंत लाल होत गेलेलं मी पाहिलं.

त्यानंतर तिचा हात बिघडला. ती शिक्का पाकिटावर आणायची, थांबायची, वाकून बघायची, आणि इतका वेळ घ्यायची की शाई वाळायची, मग ठसा अर्धाच उठायचा. कधी हात थरथरून रेघ ओढली जायची. रांग दारापर्यंत गेली. कोणीतरी जांभई दिली, कोणीतरी घड्याळ पाहिलं, आणि रजिस्टरवाल्या कारकुनाने उगाचच आपल्या बाह्या वर सारल्या. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ऐंशी पाकिटं झाली होती. मॅडम आल्या, त्यांनी खोक्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की दोनला खिडकी उघडल्यावर पहिली दहा पाकिटं त्या स्वतः बघतील. जमलं नाही तर जागा बदलू. आवाज इतका मऊ होता की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई डबा न उघडता मागच्या खोलीत गेली. मी तिच्या मागोमाग. गोणीमावशींनी तिला पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि अगं बये, पाणी तरी पी, एवढंच म्हणाल्या. बाबा गाडी धुऊन आत आले होते. त्यांना बातमी कळलेली होतीच. ते म्हणाले की एवढ्या थोरामोठ्यांना काळं फासायला धाडस लागतं. आई हसली नाही. तेव्हा ते घाबरले आणि बादली घेऊन परत गेले.

मला काय वाटत होतं ते सांगत नाही. दोरीला बांधलेलं पेन सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

आई रद्दी पाकिटं घेऊन बसली. पेन्सिलीने कोपऱ्यात चौकोन काढायचे, ते तिकीट समजायचं आणि रोजच्या जुन्या शिक्क्याने सराव करायचा. टक्, धप्प. मधोमध. टक्, धप्प. पुन्हा मधोमध. तिचं ती बघत होती, पण बघेपर्यंत हात खाली गेलेला असायचा. दहाव्या पाकिटानंतर मला तो चौकोन पाहवेना, म्हणून मी डोळे मिटले. आणि डोळे मिटल्यावर मला ऐकू आलं.

मी म्हटलं, "आई, तुझ्या ठेक्यात बघायला जागाच नाहीये."

तिला कळेना. मी पिशवीतून काड्या काढल्या आणि गोणीवर वाजवून दाखवलं. टक्-धप्प-टक्-धप्प. चारांचा ठेका. पॅड, तिकीट, पॅड, तिकीट, एकही मात्रा मोकळी नाही. हात थांबला तर ठेका तुटतो, आणि ठेका तुटला की हात थरथरतो, सकाळी झालं तसं. आमचे सर बँडमध्ये सारखे बजावतात की रिकामी मात्रा ही सुट्टी नव्हे, तिथे काडी वर धरून पुढचा घाव कुठे पडणार ते बघायचं, नाक खाजवायचं नाही. आईच्या ठेक्याला ती रिकामी मात्रा हवी होती. म्हणजे तीन हवेत. एकला पॅड. दोनला काही नाही, नुसतं बघायचं. तीनला धप्प.

टक्, बघ, धप्प. टक्, बघ, धप्प.

"तीनांनी गोणी कशी संपेल?" आई म्हणाली.

"तिकडे गोणी कुठंय?"

मग तिने शिक्का उचलला. मी गोणीवर एक-दोन-तीन धरलं, तिने हात टाकला, आणि दुसऱ्या मात्रेला तिचा हात हवेत असा तरंगला, पडायच्या आधी थबकलेल्या पानासारखा. तिसऱ्याला खाली आला. पाव चौकोनावर, बाकी कागदावर. पुन्हा केलं. पुन्हा कोपरा. सातव्या-आठव्या पाकिटाला मला काड्यांची गरजच उरली नाही, कारण आई गुणगुणायला लागली होती. चष्मेकाकांचं गाणं. मी लहान असताना मला निजवताना ती तेच म्हणायची. तीनांचं.

गोणीमावशी सुतळीची गाठ मारता मारता थांबल्या. त्यांच्या राज्यात हे गाणं पहिल्यांदाच दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलं होतं. मग तीच गाठ त्यांनी दोनदा मारली.

दोन वाजले. मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, चिमटेकाका दुसऱ्या बाजूला. आईने खरा शिक्का उचलला. टक्, आणि मग ती शांत, मोकळी मात्रा, जिच्यात ती तिकिटाकडे नीट बघत होती, आणि मग धप्प. पहिलं पाकीट. कोपरा. दुसरं. कोपरा. दहाव्या पाकिटाला मॅडमनी चष्मा नीट केला, मान डोलावली आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेल्या. कारकुनाने बाह्या सोडल्या.

मी बाकावर बसून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता. खरं तर गरज नव्हती, पण नुसतं बसवत नव्हतं. रांग सरकायला लागली. गंमत म्हणजे रांगही तीनांत सरकत होती. तीनच्या सुमाराला मला दुसरा कसला तरी बारीक आवाज यायला लागला, टिक् टिक् टिक्, म्हणून पाहिलं, तर चिमटेकाका. खोक्याच्या कडेवर चिमटा. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता, आणि मी सांगणारही नव्हते.

साडेतीन वाजता शंभरेक पाकिटं उरली होती आणि मागच्या खोलीचं दार कोणीतरी उघडं टाकलं.

रेडिओ हॉलमध्ये आला. दणदणीत गाणं, थोरल्या-धाकट्यांचं, आणि चारांचं. मी एरवी त्यावर नाचते. आईचा हात पॅडवर होता, आणि मी डोळ्यांनी पाहिलं की त्या हाताने ते गाणं ओळखलं. एकोणीस वर्षांची ओळख. मधली मात्रा गेली. शिक्का सरळ खाली निघाला, आणि खाली होते चष्मेकाका, कपाळावर चष्मा, अगदी निवांत.

तो बोटभर अंतरावर थांबला. आईने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं होतं. गाणं चालूच होतं, तिचे खांदे त्याच्याबरोबर हलत होते, आणि ती वर बघत नव्हती, शिक्का खालीही आणत नव्हती. मी उठले. पण दार इतकं लांब होतं.

तेवढ्यात रेडिओ बंद झाला.

दारात गोणीमावशी उभ्या होत्या. पावणेसहाच्या गाडीला जेमतेम सव्वादोन तास, मागे अर्धी गोणी बाकी, आणि या बाईंनी ऐन भरात आलेलं चारांचं गाणं बंद केलं होतं. "चालू दे तुझं," त्या आईला म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पावणेचारला शेवटचं पाकीट झालं. चार वाजता मॅडमनी शिक्का कपाटात ठेवला. चिमटेकाकांनी खोकी मोजून घेतली, सकाळची अकरा पाकिटं वेगळी काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि जाता जाता आईला म्हणाले की पुढच्या तिकिटाच्या वेळी भेटूच. त्या दिवशी मागची खोली रेडिओशिवाय चालली आणि बाबांना गाडी चार मिनिटं थांबवावी लागली. ते अजून ऐकवतात.

सोमवारी दारावर नवा कागद लागला. नव्या तिकिटांची खिडकी, आणि पुढे आईचं नाव, या वेळी टाइप केलेलं.

आता सगळं छान झालं असं तुम्हाला वाटेल, तर तसं नाही, कारण गोणीमावशींची तक्रार सुरू झाली. आई आता रोजच्या पत्रांकडेही बघते. मिनिटाला साठची पन्नास झाली. संध्याकाळी घरी येऊन ती आम्हाला बातम्या देते की आज एकाने तिकीट उलटं लावलं होतं, एका पाकिटावर पत्त्याऐवजी घराचं चित्र होतं, कुणा आजीचं अक्षर मागच्या महिन्यापेक्षा सुधारलंय. इतकी वर्षं हीच पत्रं तिच्या हाताखालून गेली होती. बाबा म्हणतात, गाडीला उशीर होतो. पण पुढे काय होतं ते विचारतातही.

आणि मागच्या गुरुवारी पोस्टमन काका आमच्याकडे एक पाकीट घेऊन आले. पत्ता आईचा, अक्षर डॉक्टरांचं, म्हणजे अर्धं वाचता येईल असं. पाकिटावर दोन तिकिटं शेजारी शेजारी, दोन्ही चष्मेकाकांची. डावीकडचं पहिल्या दिवसाचं, त्या अकरांतलं, मधोमध काळं, चष्म्याची फक्त एक काडी बाहेर. उजवीकडचं नवीन, आणि त्यावर रोजचा साधा शिक्का, पाव भाग तिकिटावर, बाकी कागदावर. आत चिठ्ठी होती की हे पाकीट मंडळाच्या संग्रहात बसत नाही, तुमच्याकडे शोभेल.

मी धावत आत गेले, आईला दाखवायला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पाकीट हातात घेतलं, कपाटावर उभं करून ठेवलं आणि पुढची घडी घातली. आश्चर्याचं नाव नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बुधवारी ते तिच्याच हाताखालून गेलं होतं. तिने शिक्का मारला होता, इतर पत्रांसारखंच पुढे सरकवलं होतं, आणि घरी येऊन चकार शब्द काढला नव्हता, कारण टपाल दारात पोचेपर्यंत ते आपलं नसतं.

मी विचारलं, "तुला कळलं कधी?"

आई म्हणाली, "धप्पच्या आधी."